चेहऱ्याची खोती

रेवस बंदरावर भाऊच्या धक्क्याची लाँच लागली की पर्यटक उतरतात आणि मोबाईल बाहेर काढतात. असाच कुणीतरी सुकट निवडत बसलेल्या आमच्या मावशीचा फोटो काढून गेला. पुढे तो एका रिसॉर्टच्या जाहिरातफलकावर झळकला. आम्ही कार्यकर्ते जाब विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "फोटो आम्ही विकत घेतलाय." कुणाकडून? फोटोग्राफरकडून! मावशी एवढंच म्हणाली, "माजा तोंड इकला, न मना इचारला पन नाय."

मित्रहो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक साधारणपणे फोटो काढणारा. ज्याचा चेहरा, त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. पण लाभ कुणाला? अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. चांगलंच झालं. पण वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न पडलेल्या मावशीचं काय?

याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे संप चालवला. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. घाम कुळाचा आणि धान्य खोताचं, ही ती व्यवस्था. चेहरा मावशीचा आणि गल्ला रिसॉर्टचा, ही तीच खोती नव्हे काय?

काही मित्र विचारतात, "असा हक्क दिला तर उद्या अत्याचार करणारा गावगुंडही म्हणेल, माझा फोटो छापू नका." शंका रास्त आहे. २००६ मध्ये खैरलांजीचे फोटो हातोहात फिरले, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला. म्हणून कायद्याने फरक केलाच पाहिजे. बातमी, पुरावा, टीका, व्यंगचित्र यांना मोकळीक. धंद्यासाठी मात्र आधी संमती आणि मग मोबदला. तक्रारही तालुक्यालाच, वकिलाशिवाय करता आली पाहिजे.

आणि सुरुवात आपल्यापासून. मोर्चातल्या आयाबहिणींचे फोटो आपणही न विचारता पोस्टरवर छापतो. आम्हीही छापले आहेत. यापुढे विचारूनच छापू.

फलक उतरला, कारण आम्ही वीस जण गेलो होतो. मावशी एकटी गेली असती तरीही तो उतरला पाहिजे. त्यासाठी हवा कायदा.

जयभीम!