अर्धा फेरा

अण्णा लूना स्टँडवर चढवायचे, मागचं चाक हातानं फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. चाक मंदावत आलं की ड्रमच्या आत कुठेतरी पुसटशी सर्र उठायची. ती कानावर आली की ब्रेकचा नट अर्धा फेरा मागे. लायनर ड्रमला घासता कामा नये, पण फार लांबही राहता कामा नये. रविवारची सकाळ, सावेडीतलं आमचं अंगण, रॉकेलची वाटी आणि पाने हातात द्यायला मी.

लूना आमच्या नगरची, असंच आम्ही मानत आलो. ह. कु. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती १९७२ मध्ये बाजारात आणली, आणि अण्णा त्यांच्या दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात होते. पन्नास सीसीचं इंजिन, पेडल, आणि दोन्ही ब्रेक वायरीवर. दिवसभर जी गाडी जोडायची, तिचीच रविवारी निगा राखायची, याचा त्यांना कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

वर्षातून एकदा ते वायर काढून खिळ्याला टांगत. वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तिच्यात तेल ओतत. थेंब थेंब झिरपत ते सकाळपर्यंत खालच्या टोकाशी यायचं. एकदा मी विचारलं, “साध्या तारेनं भागलं नसतं का? वर हे कवच कशाला?” त्यांनी वायर वाकवून दाखवली. आतली तार आपण ओढतो तेव्हा बाहेरचं कवच तेवढ्याच जोरानं दाबलं जातं. म्हणून तर वायर हँडलपाशी वळली, फ्रेमला वळसा घालून गेली, तरी ओढ चाकापर्यंत पोचते. कवच दबलं, चेपलं, तर तार कितीही ओढा, ब्रेक पोकळ लागतो. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती. हे नाव मला पुढे कॉलेजात कळलं. कवच दबत असतं हे मात्र अंगणातच कळलं होतं.

त्या ब्रेकवर भरवसा टाकून आम्ही चांदबिबी महालावरून खाली यायचो. लोक महाल म्हणतात, खरं तर ती सलाबतखानाची कबर, डोंगरमाथ्यावरची अष्टकोनी, तीन मजली. उतारावर अण्णा इंजिनाचा आवाज कमी करत आणि दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबत. मी मागे बसून त्यांच्या बोटांकडे बघायची. नगर शहर समोर पसरलेलं असायचं, पण माझं लक्ष त्या बोटांवर.

पुढे पुण्यात मी जुनी मारुती ८०० घेतली. हँडब्रेक पार वरपर्यंत यायचा, तरी गाडी उतारावर हळूच सरकायची. एका गॅरेजमध्ये लिव्हरखालचा नट कसून दिला. दोन दिवस ब्रेक घट्ट, मी निर्धास्त. मग पाथर्डीला जाताना करंजी घाटात जळका वास आला. थांबून पाहिलं, तर डावं मागचं चाक हात लावू देईना.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “अगं, वायर ताणली म्हणजे ब्रेक लागला असं नसतं. आधी ड्रम उघड.” उघडला. लायनर झिजून पातळ झाले होते, आणि डावीकडची वायर पावसापाण्यात गंजून कवचात अडकली होती. ओढली की जाई, पण सोडली की परत येईना. वरून कसल्यानं तिचा त्रास नुसता वाढवला होता, आणि झिजलेले लायनर झाकले गेले होते. मला त्या दिवशी फार लाज वाटली. कारण ही गोष्ट मला माहीत होती. फक्त घाईत होते.

क्रम अण्णांनी पुन्हा सांगितला. पुढच्या चाकांना दगड लावून मागची चाकं उचलायची. वायर आधी पूर्ण ढिली करायची. नवे लायनर बसवून पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबायचा, म्हणजे ते आपल्या जागी येतात. मग वायर हळूहळू ओढून घ्यायची. हँडब्रेक ओढल्यावर दोन्ही चाकं बरोबरीनं अडली पाहिजेत आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. मोकळी फिरणं जास्त महत्त्वाचं, असं ते दोनदा म्हणाले. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा, नाहीतर लायनर ड्रमला चिकटून बसतात.

ती मारुती अजून आहे. गेल्या दिवाळीत सावेडीच्या अंगणात जॅकवर चढवली. अण्णा खुर्चीत बसले होते. रस्त्यावरून एक इलेक्ट्रिक लूना आवाज न करता गेली. ती त्यांना दिसली, मान वळवून लांबपर्यंत पाहत राहिले. मी चाक फिरवलं. ऐकू तर त्यांना आता फार कमी येतं. ते खुर्ची ओढून पुढे आले, तळवा फिरत्या टायरवर अलगद टेकवला आणि डोळे मिटले. चाक थांबेपर्यंत हात तिथेच होता.

“अर्धा फेरा मागे,” ते म्हणाले.

मी पाना लावला.