घाट, गिअर आणि मामा

गेले दोन-अडीच महिने माझे शनिवार-रविवार एकाच उद्योगात चालले आहेत. गाडी शिकणे. लायसन्स मिळून वर्ष झालं, पण तो भाग वेगळा. लायसन्स असणं आणि गाडी येणं यांचं नातं इंजिनिअरिंगची डिग्री आणि ऑफिसातलं काम यांच्या नात्याइतकंच घट्ट असतं. (ज्यांना कळायचं त्यांना कळलं!)

उद्योगाचं कारण असं की बाबांचं यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबून दाबून डावा गुडघाही कुरकुरायला लागला. आमचं गाव चिपळूणजवळ. गणपतीला गावी जायचं नाही, हा पर्याय आमच्या घरात अस्तित्वातच नाही. म्हणजे पुणे, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, तोही पावसात. इतकी वर्षं बाबा चालवायचे आणि मी मागे झोपायचो. आता गाडीत आई, बाबा, आजी आणि स्टिअरिंगवर मी. "ऑटोमॅटिक घे की" असा सल्ला ऑफिसात सगळ्यांनी दिला. पण घरात आहे ती पाच गिअरची, १.२ लिटरची पेट्रोल गाडी आणि ती उत्तम चालते आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअर हा पाढ्यासारखा शिकवतात. वीसला दुसरा, तीसला तिसरा, पंचेचाळीसला चौथा. सपाट रस्त्यावर हे पुरतं. पण चढावर तिसऱ्यात चाळीसने जाणारी गाडी हळूहळू पस्तीस, तीस अशी उतरायला लागली की करायचं काय? रेस वाढवायची की गिअर पाडायचा? याचं उत्तर त्या पाढ्यात नव्हतं.

ते मिळालं मामांकडे. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी घाटात. जुलैमध्ये ते पुण्याला आले होते, तेव्हा दोन रविवार मी त्यांना पकडून कात्रजच्या जुन्या घाटात नेलं.

पहिल्याच चढावर म्हणाले, "काट्याकडे बघू नको. आधी कान दे. इंजिन काय म्हणतंय?"

"घुमतंय."

"घुमत नाही रे, कुंथतंय. आता तू कितीही रेस दे, ते नुसतं कुंथणार. सेकंडवर घे."

सेकंडवर घेतला आणि गाडी काही झालंच नाही अशी चढायला लागली. मामांसाठी विषय तिथे संपला. मी घरी येऊन वही काढली. (डिग्रीचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा ना!)

तर मंडळी, हिशोब असा. अ‍ॅक्सिलरेटर हा वेगाचा नळ नाही. पेट्रोल गाडीत तो हवेचं दार उघडतो. जेवढी हवा आत जाते तेवढ्या मापाने पेट्रोल सोडलं जातं. पण एका फेऱ्यात सिलिंडरमध्ये मावून मावून किती हवा मावणार? दार पूर्ण उघडलं की संपलं. त्यानंतर जास्त ताकद हवी तर एकच मार्ग, मिनिटाला फेरे वाढवायचे. आणि चाकाचा वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे वाढवणं म्हणजेच खालचा गिअर.

आमच्या गाडीसारख्या छोट्या गाड्यांत पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण साडेतीन असतं, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.२८, चौथ्याचं एकच्या आसपास आणि पाचव्याचं पाऊण. त्यापुढे डिफरन्शियल आणखी चारेक पट करतो. म्हणजे ताशी ४० किमीला तिसऱ्यात इंजिन सुमारे १८५० आरपीएमला फिरतं आणि दुसऱ्यात सुमारे २७५० ला. इंजिनाने दोन्हीकडे १०० न्यूटन मीटर टॉर्क दिला असं धरलं, तर तिसऱ्यात १९ किलोवॅट मिळतात आणि दुसऱ्यात जवळजवळ २९. गाडी तीच, वेग तोच, ताकद दीडपट. मामांच्या 'सेकंडवर घे'चा अर्थ एवढाच.

आता यातच पुढची गोम आहे. गिअर पाडताना इंजिनाला १८५० वरून २७५० वर उडी मारायची असते. क्लच दाबला, गिअर टाकला आणि क्लच पटकन सोडला तर ती उडी चाकांना ओढूनताणून घ्यायला लावावी लागते, आणि गाडी धक्का खाते. मागच्या सीटवरच्या आजीची मान पुढे येते ती यामुळे. उपाय सोपा आहे. क्लच दाबलेला असतानाच किंचित रेस द्यायची, इंजिन वर येऊ द्यायचं आणि मग क्लच सोडायचा. मामांनी सुरुवातीला चालवलेल्या बसना सिंक्रोमेश नव्हता. त्यामुळे खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलवर रेस द्यायची. चुकलं तर गिअर आत जायचाच नाही, आणि चढावर अख्खी बस हातात! त्यामानाने आपल्या गाड्या म्हणजे लाड आहेत.

चढ एकवेळ सोपा. गाडी बंद पडेल, फार तर मागचे हॉर्न वाजवतील. खरी परीक्षा उताराची.

मामांचा नियम बहुतेक सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना पाठ असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी याचाही हिशोब केला. गाडी आणि पाच माणसं मिळून १२५० किलो धरा आणि ५०० मीटरची उतरण. ही उंची सोडताना सुमारे ६१ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्यात गार पाण्याला उकळी आणायची म्हटलं तर १९-२० लिटरला येईल, म्हणजे जवळजवळ एक बंब! वारा आणि टायर थोडा वाटा घेतात. बाकीची सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर पॅड तापून त्यांची पकड कमी होते. फार तापलं आणि ब्रेक ऑइल जुनं असेल, त्यात पाणी शोषलं गेलेलं असेल, तर ते उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही.

गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर हवेचं दार बंद होतं, इंजिनाला बंद दारातून हवा ओढत बसावं लागतं आणि तेच गाडीला मागे खेचतं. खालचा गिअर, जास्त फेरे, जास्त ओढ. ऑफिसातला एक मित्र उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतो. त्याला मी सांगितलं की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना पाय काढला की ठरावीक आरपीएमच्या वर पेट्रोल सोडणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे पेट्रोलही जातं आणि इंजिनाचा लगामही सुटतो. इंजिनच बंद करणारे महाभागही असतात. मग दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, कारण त्याला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून येतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात मेकॅनिककडून ब्रेक ऑइल बदलून घेतलं. कोयनानगर सोडल्यावर पाऊस, आणि घाटाच्या तोंडाशी धुकं. पुढे मालाने भरलेला ट्रक. मी वळणाच्या आधीच सेकंडवर घेतला आणि ब्रेक फक्त वळणापुरता, थोडा दाबून लगेच सोडायचा. बाबा शेजारी. पहिल्या काही वळणांना त्यांचा उजवा पाय खाली नसलेला ब्रेक दाबत होता. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. मी काही बोललो नाही, तेही नाही. एकदाच म्हणाले, "चढणाऱ्याला आधी जाऊ दे." अरुंद जागी तो नियमच आहे. मी थांबलो, एसटी वर गेली, तिच्या ड्रायव्हरने हात केला. अर्ध्या घाटात कधीतरी तो पाय हलायचा थांबला. पोफळीला चहाला उतरलो तेव्हा आजी म्हणाली, "घाट झाला पण?"

गौरी-गणपती छान झाले. मामांना हिशोबाची वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं चाळली आणि म्हणाले, "बरोबर असेल. ब्रेकला वास आला का?"

"नाही."

"मग झालं."

परतीच्या चढावर पाटणच्या अलीकडेच बाबा झोपले. असो. आता आईने दिवाळीलाही येतो म्हणून गावी परस्पर कळवून टाकलं आहे. तेव्हा पुढचा अभ्यास, रात्रीचा घाट.