छकुली, पोहायला शीक

जालना

चि. छकुली,


परवा फोनवर विचारलंस, "मावशी, अंतराळात जायला पायलटच व्हावं लागतं का गं?" मागे तुझ्या मैत्रिणी हसत होत्या, तेही ऐकू आलं. लातूरच्या वसतिगृहात असलं काही विचारलं की हसतातच. हसू दे.

आपल्याकडे सध्या तरी उत्तर 'हो' असंच आहे. गगनयानासाठी निवडलेले नायर, प्रताप, कृष्णन आणि शुक्ला हे चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक. मुलींच्या हाती लढाऊ विमान आलं तेच २०१६ साली, मग त्या रांगेत बाई दिसणार कशी? इस्रोची व्योममित्रा तेवढी बाईच्या रूपात तयार आहे, पण ती यंत्र.

चीननेही लढाऊ वैमानिकापासूनच सुरुवात केली, २००३ मध्ये. १६ जून २०१२ ला त्यांची पहिली बाई, लिऊ यांग, गेली. अंतराळात गेलेली जगातली पहिली बाई तेरेश्कोव्हा, तिच्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ४९ वर्षं झाली होती. लिऊ मालवाहू विमानं चालवायची. त्या वेळी निवडीसाठी बाई लग्न झालेली हवी, असं तिथले अधिकारी सांगत. घ्या! तिथंही आधी लग्नाचंच विचारलं.

चीनचीच अंतराळवीर वांग यापिंग शेतकऱ्याची पोर. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ती यानाबाहेर पडून काम करून आली. पुढच्याच महिन्यात तिनं वरून शाळेतल्या मुलांचा तास घेतला. लेकीबरोबर केलेलं कागदाचं फूल तिनं पाण्याच्या पातळ पडद्यावर ठेवलं आणि ते पाकळी पाकळी उलगडलं. हा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. बघ नक्की.

पण तुझं उत्तर आहे वांग हाओझेकडे. ३० ऑक्टोबर २०२४ ला गेलेली ही बाई पायलट नाही, रॉकेटच्या इंजिनांवर काम करणारी इंजिनीअर आहे. कारण सरळ आहे. चीनचं अंतराळ स्थानक आता कायमचं झालंय. एका वेळी तिघं जण सहा सहा महिने राहतात. मग नुसतं यान हाकून भागत नाही. दुरुस्ती लागते, प्रयोग लागतात. काम वाढलं तशी दारं वाढली. आपल्याकडेही स्थानक झालं की हेच होईल, असं मला वाटतं.

आणि प्रयोग कसले, तर आपल्या जालन्याच्या बियाण्याच्या धंद्यातले! २०२२ मध्ये लिऊ यांग दुसऱ्यांदा वर होती, तेव्हा तिथं भात पेरला आणि बियाण्यापासून पुन्हा बियाणं घेतलं. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, चंद्रावर उतरलेल्या चीनच्या यानातल्या डब्यात कपाशीचं बी उगवलं. चंद्रावर रात्र झाली, थंडी पडली, कोंब गेला. आपल्या इस्रोनंही चवळी अवकाशात उगवून दाखवली आहे.

कपाशीच्या सीड प्लॉटवर संध्याकाळी कळी सोलायची, नखानं पुंकेसर काढायचे, सकाळी नराचं फूल मादीवर घासायचं आणि खूण म्हणून दोरा बांधायचा, हे काम तू माझ्याबरोबर केलंयस. हात थरथरला तर बोंड धरत नाही, हे तुला कुणी शिकवायला नको. तेव्हा शेतीकडे जायचं असेल तर खुशाल जा. फक्त फिजिक्स सोडू नकोस.

आणि पोहायला शीक. यानाबाहेर पडायचा सराव पाण्याच्या मोठ्या टाकीत होतो. गावातली पोरं विहिरीत उड्या मारतात आणि मुलींना काठावर बसवतात, ते आता पुरे. तुझ्या आईशी मी बोलते.

तुझी,
मावशी