कातारी आणि रकाना

सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने छंदाविषयी लिहिले की वाचकाला शंका येते, याला कार्यालयात काम कमी असावे. ती शंका गृहीत धरूनच लिहितो. आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत गेली काही वर्षे एक छोटा लेथ आहे. रविवारी सकाळी दोन-तीन तास मी त्यावर लाकडी वाडगे आणि पेने कातत बसतो. या छंदातून मिळकत काही होत नाही, उलट पटाश्या, सँडपेपर आणि वाया गेलेले लाकूड यांवर खर्चच होतो. पण माझ्या हातून कार्यालयात झालेली एक चूक मला या लेथने दाखवली. हा लेख त्या चुकीविषयी आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी कोकणात प्रांताधिकारी होतो. छोट्या कारागिरांना कर्ज देण्याच्या एका योजनेचे अर्ज तपासणाऱ्या समितीत माझा समावेश होता. त्यात एका वयस्क कातारीचा अर्ज होता. लाकूड कातून गोल आकार देणारा तो कातारी, हे नव्या वाचकांसाठी सांगतो, कारण हा शब्द आता फक्त आडनावात उरला आहे. हा गृहस्थ पाळण्यांचे खांब, पलंगांचे पाय, लाटणी आणि खेळण्यांचे नुसते लाकडी आकार कातून देत असे. त्याला विजेची मोटर बसवायची होती. मी शेरा लिहिला : "अर्जदार स्वतंत्र वस्तू तयार करीत नाही. इतरांना सुटे भाग पुरवितो. सबब अपात्र." शेरा नियमाला धरून होता. योजनेच्या नमुन्यात 'तयार होणारी वस्तू' असा रकाना होता आणि त्यात त्याने 'कातकाम' एवढेच लिहिले होते. समितीत कोणी हरकत घेतली नाही. प्रकरण निकाली निघाले.

पुढे मी स्वतः कातायला बसलो तेव्हा पहिला वाडगा दहाव्या मिनिटाला लेथवरून निसटून भिंतीवर आपटला. कारण साधे होते. पटाशीची धार थेट लाकडात घालायची नसते. धारेमागची उतरती बाजू आधी फिरत्या लाकडाला टेकवायची, ती घासू लागली की मूठ किंचित उचलायची, मग धार आपोआप काप घेते. हा क्रम चुकला की लाकूड पटाशीला आत ओढते. पुस्तकात हे एका वाक्यात लिहिलेले असते, पण हाताला समजायला मला एक वर्ष लागले.

दुसरा धडा ओल्या लाकडाचा. ताज्या ओंडक्यातून कातलेला वाडगा वाळताना तडकतो किंवा लंबगोल होतो. म्हणून तो दोनदा कातायचा. पहिल्या वेळी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी जाड ठेवायची, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच. मग कित्येक महिने तो सावलीत वाळू द्यायचा, आणि वाकायचा तेवढा वाकून झाला की पुन्हा लेथवर चढवून अखेरचा आकार द्यायचा. पेनाचे काम त्यामानाने झटपट. लाकडाच्या तुकड्याला सात मिलिमीटरचे भोक पाडून पितळी नळी चिकटवायची आणि ती दांडीवर चढवून कातायची. पण तिथे भिंत इतकी पातळ राहते की शेवटच्या क्षणी हात हलला तर सगळे चिरफाळते. हे सगळे करताना मला पुन्हापुन्हा तो कातारी आठवू लागला. ज्याला मी 'सुटे भाग' म्हटले, ते शंभर नग एकाच मापाचे, नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने काढणे म्हणजे काय, हे मला तोवर माहीतच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आईला काशी दाखवायला वाराणसीला गेलो. दर्शन, घाट, ब्रह्माघाटाकडची जुनी मराठी घरे, हे सर्व झाल्यावर एका दुपारी आई विश्रांती घेत असताना मी खोजवाँ आणि कश्मीरीगंजच्या बाजूला गेलो. बनारसची लाकडी खेळणी याच वस्तीत होतात. त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि २०२४ साली तेथील ज्येष्ठ कारागीर गोदावरी सिंह यांना पद्मश्रीही जाहीर झाली. गल्लीत शिरताच लेथचा आवाज ऐकू आला. एका अरुंद खोलीत जमिनीवर बसून एक वृद्ध कारागीर सिंधोरा कातत होते. सिंधोरा म्हणजे पूर्वांचलात लग्नात लागणारी शेंदराची लाकडी डबी. नववधू ती जन्मभर जपते. मी दाराशी उभा राहून विचारले, "चाचा, बघू का थोडा वेळ?" त्यांनी मानेनेच बसा म्हटले.

त्यांनी लाखेची रंगीत कांडी फिरत्या डबीवर दाबून धरली. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरली. ब्रश नाही, डबा नाही, वाळायची वाट पाहणे नाही. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाखकामाची रीतही हीच, आणि तिथे शेवटची चकाकी केवड्याच्या पानाने आणतात. नंतर त्यांनी झाकण बसवले आणि उघडताना झालेला बारीक आवाज ऐकून मान हलवली. झाकण किंचित सैल होते. मी म्हणालो, मीही घरी थोडे कातकाम करतो. ते हसून म्हणाले, "तब तो साहब, कान से काम कीजिए. आँख तो बाद में देखती है." लाकूड नीट कापले जात असेल तर एक आवाज येतो आणि नुसते खरवडले जात असेल तर दुसरा. इतक्या रविवारांत मला जे उमगले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

मग गप्पा निघाल्या. पूर्वी हे काम कोरैयाच्या लाकडात होत असे. ते मऊ, पांढरे आणि बारीक पोताचे. त्याच्या तोडीवर बंदी आल्यापासून बरेचसे काम निलगिरीवर चालते, आणि निलगिरी वाळताना तडकते. बंदीमागे जंगल राखण्याचा हेतू असणार आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण बंदी घालणाऱ्याने पर्यायी लाकूड कातून पाहिले असते तर सोबत लागवडीचीही योजना आखली असती, एवढे मात्र मनात आले. खेळण्यांवर रंगकाम कोण करते, असे विचारल्यावर ते म्हणाले, घरातल्या बायका. त्यांची नोंद आहे का? त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

परतल्यावर मी योजनांचे कागद पुन्हा वाचले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये, आणि आधी एक लाख व नंतर दोन लाखांचे कर्ज अशी तरतूद आहे. योजना चांगली आहे. पण त्या १८ नावांत कातारी नाही. तो सुतारांत तरी बसवावा लागतो किंवा खेळणी बनवणाऱ्यांत. शिवाय लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. नवरा कातणारा आणि बायको रंगवणारी असेल तर दोघांपैकी एकजण आपोआप 'मदतनीस' ठरतो. खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते यांना सूट दिली आहे. ही तरतूदही योग्यच आहे, पण सूट मिळायची तर आधी नोंद हवी. ज्याचे काम कोणत्याच रकान्यात बसत नाही, त्याची नोंद कोण आणि कशाखाली करणार?

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, नमुन्यात 'वस्तू' या रकान्याशेजारी 'कौशल्य' असा रकाना असावा. दुसरी, जिथे एक वस्तू अनेक हातांतून जाते तिथे प्रत्येक हाताची नोंद व्हावी, रंगवणाऱ्या स्त्रीचीही. तिसरी, कारागिराला अपात्र ठरवण्यापूर्वी तपासणी अधिकाऱ्याने निदान अर्धा तास त्याच्या कामाशेजारी बसावे. त्या अर्ध्या तासात लाकडाची धूळही त्याच्या नाकात जाईल. ही धूळ कर्करोगकारक मानली जाते. मग अवजारांच्या पेटीत चांगला मास्कही घालायला हवा, हे सांगायला वेगळी समिती लागणार नाही.

गेल्या दिवाळीत कोकणात गेलो तेव्हा त्या कातारीच्या गावी मुद्दाम थांबलो. तो वारला होता. मुलगा मुंबईत खाजगी सुरक्षारक्षक आहे आणि सणाला घरी आला होता. लेथ भंगारात गेला होता. मी ओळख सांगितली आणि वडिलांच्या अर्जाचा विषय काढला. तो गोंधळून म्हणाला, "कसला अर्ज साहेब? बाबा कधी काही बोलले नाहीत." त्याने चहा दिला. मी बरोबर नेलेले स्वतः कातलेले पेन त्याला द्यावे की नाही, याचा विचार करीत बसलो आणि शेवटी न देताच उठलो. ते देऊन मला नेमके काय फेडायचे होते, हे त्याला सांगता आले नसते.

ते पेन आता माझ्या टेबलावर आहे. त्याने मी 'अपात्र' हा शब्द लिहीत नाही असे म्हणणे नाटकी होईल. नियम आहेत तोवर तो लिहावा लागतो. पण लिहिण्याआधी मी विचारतो, या माणसाचे काम कोणी पाहिले आहे का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे येते. मग फाईल एक दिवस थांबते आणि कोणीतरी जाऊन येते.