टीव्हीखालचा डबा

2025च्या दिवाळीत वणीला घरी गेलो आणि नको ते शहाणपण करून बसलो. 14 ऑक्टोबरला विंडोज 10चा सपोर्ट संपला होता, म्हणून आईचा कॉम्प्युटर विंडोज 11 प्रोवर नेला. सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी आई रोजच्यासारखी बाबांचे फोटो बघायला बसली आणि म्हणाली, "काऊन रे, फोटो कुठी गेले?"

फोटो टीव्हीखालच्या डब्यात असतात. डबा म्हणजे राउटरला जोडलेलं नेटवर्क स्टोरेज, आत दोन हार्ड डिस्क. बाबांनीच बसवलेलं. निर्गुडेचा पूर, जिनिंगमधले कापसाचे ढीग, आमची लग्नं-बारशी, सगळं त्यात. आता बाबा नाहीत.

डब्याचा दिवा लुकलुकत होता, पण कॉम्प्युटर फोल्डर उघडायला तयार नाही. डिस्क गेली की काय, या विचारानं पोटात गोळा आला. आईला मात्र "बघतो" एवढंच म्हणालो.

दोन तासांनी उलगडा झाला. बाबांनी डब्याला पासवर्ड ठेवलाच नव्हता. "घरातल्या घरात कुलूप कशाला?" म्हणायचे. त्यामुळे कॉम्प्युटर इतकी वर्षं पाहुणा म्हणून आत जायचा. विंडोज 11 प्रोच्या 2024मधल्या 24एच2 आवृत्तीपासून ही पाहुणेगिरी मुळातच बंद आहे. शिवाय प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही लागते. पाहुणा सही कुठून आणणार?

दोन सेटिंग्ज बदलल्या की जुनी मोकळीक परत मिळते. हात तिथवर गेलाही. पण मे 2017मधला वॉनाक्राय आठवला. त्याचं भोक वेगळं होतं, पण तो पसरला फाइल शेअरिंगच्याच वाटेनं, आणि लोकांच्या फायली कुलूपबंद करत गेला. मग ब्राउझरमधून डब्याच्या सेटिंग्ज उघडल्या, आईच्या नावानं खातं काढलं, पासवर्ड दिला. फोल्डर उघडलं!

तेव्हा कुठे लक्षात आलं की डब्याबाहेर या फोटोंची एकही प्रत नाही. दोन डिस्क असल्या तरी एकीवर पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं. रात्रभर जागून बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढली. ती आता आईच्या कपाटात, दागिन्यांशेजारी आहे.

पासवर्डचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुया बाबाले हे पटलं नसतं." आणि पुराचा फोटो उघडून बसली.

असो. तुमच्याकडे असा डबा असेल तर अपग्रेडच्या आधी कॉपी काढा. मी नंतर काढली. नशीब म्हणायचं, दुसरं काय!