‘सिलिकॉन व्हॅली’ दुसऱ्यांदा बघताना

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, लॅपटॉप घेऊन बंगळूरहून बेळगावला आला आणि आमच्या माळ्यावरच्या खोलीत त्याचं ऑफिस सुरू झालं. माझी दहावीची परीक्षा पुढे गेली होती. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं ‘सिलिकॉन व्हॅली’ बघत बसायचो. त्या मालिकेत शिव्यांना काही कमी नाही, म्हणून एकच इअरफोन दोघांच्या कानात. हसणं मात्र लपायचं नाही. खालून काकू ओरडायची, ‘‘एवढं काय हसायला लागलाय रे?’’

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एचबीओवर 2014 ते 2019 अशी सहा सीझन चाललेली ही विनोदी मालिका. रिचर्ड नावाच्या बुजऱ्या प्रोग्रॅमरला फायली खूप लहान करून साठवण्याची जबरदस्त युक्ती सापडते. मग तो चार मित्रांना घेऊन ‘पाइड पायपर’ नावाची कंपनी काढतो आणि पुढे एकामागून एक संकटं. मालिकेच्या निर्मात्यांपैकी माइक जज यांनी स्वतः 1987 साली तिथल्या एका छोट्या कंपनीत नोकरी केली होती आणि ती तीन महिन्यांच्या आत सोडली होती. त्यामुळे थट्टा घरच्या माणसाने करावी तशी आहे, अगदी वर्मावर बोट ठेवणारी.

गेल्या नाताळच्या सुट्टीत दादा पुण्याहून आला आणि म्हणाला, ‘‘चल, परत बघूया.’’ तिसऱ्या सीझनपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग तो भाग आला.

पाइड पायपरचं ॲप लोक डाउनलोड तर करतात, आकडा पाच लाखांवर जातो, पण रोज वापरणारे अगदी थोडे. इंजिनिअर मंडळी खूश, साध्या माणसाला मात्र ते काय आहे हेच कळत नाही. तेव्हा जॅरेड, कंपनीतला सगळ्यात सज्जन माणूस, रिचर्डच्या मायेपोटी गुपचूप खोटे वापरकर्ते विकत घेतो. बांगलादेशातल्या एका खोलीत माणसं ओळीने बसून दिवसभर क्लिक करत असतात. पहिल्यांदा बघताना आम्ही ह्यावर हसलो होतो. ह्या वेळी मला ती माणसं दिसली. आपल्यासारखीच दिसणारी. गोष्टीत त्यांना नाव नाही, त्यांचं काम फक्त दुसऱ्याचा आकडा फुगवायचा.

आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ते काम मी केलेलं होतं.

2021 मध्ये दादाने नोकरी सोडून बेळगावातच एक ॲप काढलं होतं. टिळकवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांना घरगुती मेसचा डबा मागवता यावा, एवढीच कल्पना. सात-आठ काकू डबे द्यायला तयार झाल्या. पण पोरं एकदा मागवायची आणि पुढच्या वेळी सरळ काकूंनाच फोन करायची! दादा रात्र रात्र जागायचा. त्याच सुमारास एका गुंतवणूकदाराशी बोलणं चाललं होतं. ‘‘आकडे जरा वर गेले असते तर...’’ असं तो फोनवर कोणाला तरी म्हणताना मी ऐकलं.

त्याच्या ॲपला तेव्हा ओटीपी नव्हता, नाव आणि ईमेल टाकलं की झालं. मी एका रात्रीत साठ खाती उघडली. नावं सुचेनात, म्हणून पीयूसीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप समोर ठेवला आणि एकेक नाव उतरवत गेलो. मला वाटलं, मी दादाला मदत करतोय. जॅरेडला तरी दुसरं काय वाटलं होतं?

महिन्याभरात दादाने सांगितलं की ते पैसे काही येत नाहीत. ॲप बंद झालं. काकूंचे राहिलेले हिशेब त्याने स्वतःच्या बचतीतून चुकते केले आणि पुण्याला नोकरी धरली. मी गप्प राहिलो. तीन वर्षं.

मालिकेत रिचर्ड सही करायच्या क्षणी गुंतवणूकदाराला खरं सांगून टाकतो आणि सगळं हातचं जातं. तो प्रसंग आला तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हतो. दादाने व्हिडिओ थांबवला. म्हणालो, ‘‘दादा, तुला एक सांगायचंय.’’

‘‘साठ खाती ना? सगळी रात्री अकरा ते तीनमधली. एकाने डबा मागवला नाही. आणि नावं वर्गातली, ती पण हजेरीसारखी ओळीने. निदान थोडी इकडेतिकडे तरी करायचीस!’’

‘‘मग तू त्यांना...?’’

‘‘साठ वजा करूनच आकडा सांगितला.’’

मला काही बोलता येईना. ‘‘मग मला का नाही बोललास?’’ एवढंच विचारलं. तो म्हणाला, ‘‘तू सांगशील म्हणून थांबलो होतो. जरा उशीर केलास.’’ आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

मालिकेच्या शेवटी रिचर्डला कळतं, की आपलं तंत्र जगातलं कोणतंही कुलूप फोडू शकतं. मग पाचही जण ठरवून स्वतःची कंपनी बुडवतात. तोही फज्जा असा, की फोनच्या आवाजाने शहरभर उंदीर बाहेर पडतात. जग त्यांना हसतं आणि खरं कारण त्यांना कोणाला सांगता येत नाही. 2020 मध्ये आम्हाला तो शेवट फुसका वाटला होता. एवढी धडपड करून हातात काय आलं, तर उंदीर!

ह्या वेळी तो बघताना मी दादाकडे बघत होतो. त्याच्या डब्यांच्या ॲपबद्दल आजही नातेवाईक लग्नाकार्यात चेष्टा करतात. तो हसून पानावर बसतो. साठ वजा केलेला तो आकडा त्याने कोणालाच सांगितलेला नाही. म्हणून इथे मी सांगितला.