बोरा बाजार ते मेणवली

आमच्या कुटुंबांत लहानमोठीं मिळून तेरा माणसें. खर्चाचा प्रश्न निघाला कीं तो रात्रीच्या जेवणानंतर सर्वांसमक्ष निकालांत काढावयाचा, असा आमचा परिपाठ आहे. गेल्या माघांत धाकट्या पुतण्यानें हप्त्यांवर नवा कॅमेरा घेण्याची गोष्ट काढली, तेव्हां बैठक बरीच लांबली. कर्ज काढून घर बांधावें, शिक्षण करावें. छंद मात्र गांठीच्या पैशांत बसेल तेवढाच करावा, असें दादांचें मत पडलें. तोडगा काढला तो आत्याबाईंनीं. त्या म्हणाल्या, "जुना मिळत नाहीं का? आपलें शिवणाचें यंत्र जुनेंच घेतलेलें, अजून चालतें आहे. आणि कॅमेरा आला कीं मला एकदां मेणवलीला न्या." पंधरा हजारांची मर्यादा ठरली, आणि चिरंजीवांस बरोबर घेऊन आम्ही सकाळच्या डेक्कन क्वीननें मुंबईस निघालों.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडलें कीं थोड्याच अंतरावर कोटांतला बोरा बाजार लागतो. अरुंद रस्ता, दुतर्फा जुन्या इमारती, हातगाड्यांची वर्दळ आणि त्यांतच कॅमेऱ्यांचीं लहान लहान दुकानें. मुंबईस हा छंद नवा नाहीं. 1854 सालींच येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं होत. परंतु कांचा, रसायनें आणि अंधारखोली यांचा खर्च तेव्हां थोड्यांनाच झेपे.

डिजिटल कॅमेऱ्यानें तो खर्च संपविला. 1975 सालीं कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें असा पहिला कॅमेरा बनविला, तेव्हां चित्रांत अवघे 10,000 ठिपके असत आणि एक चित्र फितीवर नोंदण्यास 23 सेकंद लागत. 2008 सालीं निघालेल्या निकॉन डी-90 मध्यें हे ठिपके 1 कोटी 23 लाख झाले. पुढें ते वाढतच गेले हें खरें. परंतु उत्तम छपाईस इंचाला 300 ठिपके धरले, तर डी-90 चें चित्रही सुमारें 14 इंच लांब व साडेनऊ इंच रुंद निघतें. घरच्या भिंतीस याहून मोठें काय करावयाचें? बाजारास मात्र नव्याचीच ओढ. म्हणून त्या वेळचा चांगला कॅमेरा आज स्वस्तांत पडतो.

पहिल्या दुकानांत आम्ही फसतां फसतां वांचलों. कॅमेरा वरून आरशासारखा लखलखीत. चिरंजीवांचा हात खिशाकडे गेला. पण आम्हीं भिंग काढावयास लावून मागून विजेरीचा प्रकाश पाडला, तों आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतु दिसले. ही बुरशी. दमट हवेंत पडून राहिलेल्या भिंगास ती लागते, आणि वेळीं काढली नाहीं तर कांचेवरचा लेप खाते. "फोटोंत कांहीं दिसत नाहीं, साहेब," दुकानदार म्हणाला. आम्ही नमस्कार करून पायरी उतरलों.

दुसऱ्या दुकानांतल्या वृद्ध गृहस्थांनीं स्वतःच पारख शिकविली. भिंगावर झांकण ठेवून एक चित्र घ्यावें. काळ्यांत पांढरे-तांबडे बिंदु चमकले तर सेन्सरचा तेवढा भाग बिघडलेला. भिंगाचें छिद्र लहान करून आकाशाचें चित्र घ्यावें; काळसर डाग दिसले तर ती धूळ, आणि ती साफ करतां येते. झडप किती वेळां उघडली, हें चित्राबरोबर नोंदलेल्या माहितींत सांपडतें. डी-90 ची झडप 1 लाख वेळांपर्यंत पारखलेली असते. आमची 21 हजारांवर होती. शिवाय भिंगाची जुळणी करणारी मोटर त्याच्या अंगींच असल्यामुळें कित्येक जुनीं, स्वस्त भिंगेंही त्यावर चालतात. 50 मिलिमीटरच्या भिंगासह 14,000 रुपयांस सौदा ठरला. "पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवा," असें निघतांना त्यांनीं बजावलें.

पुढच्या रविवारीं सर्वजण मेणवलीस गेलों. वाईपासून सुमारें 3 किलोमीटरांवर कृष्णाकांठीं नाना फडणविसांचा वाडा, मागें अर्धचंद्राकृति घाट, आणि मेणेश्वराच्या देवळाजवळ ती प्रसिद्ध घंटा. 1739 सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर तेथून आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकीं ही एक, असें सांगतात. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृति व 1707 हें साल आहे. घंटेपाशीं उजेड कमी. तेथें जुन्या कॅमेऱ्याची मर्यादा उघड झाली: प्रकाशग्रहण वाढवितांच चित्रावर वाळू पसरल्यासारखे दाणे उमटले. नव्यानें हें काम अधिक स्वच्छ केलें असतें, हें कबूल केलें पाहिजे. चिरंजीव हिरमुसले.

घाटावर मात्र लख्ख ऊन होतें, आणि खालच्या पायरीवर आत्याबाई पाण्यांत पाय सोडून बसल्या होत्या. त्यांचें वय 84. घरांतले सगळे अल्बम धुंडाळले तरी त्यांचें एकही धड चित्र सांपडत नाहीं. मुंजी, लग्नें, बारशीं यांतल्या पंगती दिसतात, वाढणारा हात दिसतो. आत्याबाई दिसत नाहींत. एका चित्रांत तर दाराआड नुसता पदर आहे. इतक्या वर्षांत हें आमच्या लक्षांत येऊं नये, याची त्या घाटावर लाज वाटली.

पुतण्या कॅमेरा घेऊन समोर आला. "माझा कशाला? देवळाचा काढ," म्हणत त्या संवयीनें बाजूस सरकूं लागल्या.

"कोणासाठीं सरकतेस, आत्याआजी? मागें कोणी नाहीं."

त्यांनीं वळून पाहिलें. खरोखरच कोणी नव्हतें. त्या हंसल्या, आणि झडप वाजली.

तें 12 इंचांचें चित्र आतां माजघरांत लावलें आहे. दादांनीं खर्चाच्या वहींत कॅमेऱ्याची रक्कम मांडली. ती त्यांनीं छंदाच्या सदरांत न घालतां घरखर्चांत घातली आहे.